थरथर

आईला ऐकू येणं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. तरी मी कामावरून आले, की बेलला हात लावायच्या आधीच ती दार उघडायची. "कसं कळतं गं?" मी खुणेनं विचारायचे. "आईला कळतं," एवढंच म्हणायची.

माझी गाडी मात्र थंडीताप भरल्यासारखी थरथरायची. इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी बुश पार चिरले होते. गॅरेजवाल्याच्या नाकदुऱ्या काढून कंटाळले आणि रविवारी घरीच बाह्या सरसावल्या. इंजिनाखाली फळी ठेवून जॅक लावला, जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले. गाडी चालू केली, तर बॉनेटवर ठेवलेल्या वाटीतलं पाणीसुद्धा हललं नाही. आई पायरीवर बसून बघत होती. "बघ, कशी गरीब गाय झाली!" मी बॉनेट थोपटून दाखवलं. ती नुसती हसली.

सोमवारी परतले. नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून गाडी लावली आणि दाराशी आले. दार बंद. बेल वाजवून उपयोग नव्हताच. पर्समध्ये कधीची पडून असलेली किल्ली शोधली आणि आत धावले.

आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, गाडीकडच्या भिंतीला तळहात टेकवून. मी अगदी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तरी ती भिंतीलाच म्हणत होती, "ये गं बाई आता. किती वाट बघायला लावतेस!"