पोचलीस की कळव

सुलभा मंगळावर परत निघाली, तेव्हा भार्गवअप्पांनी सवयीने फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. "वाटेत खा," ते लेकीला म्हणाले.

"अप्पा, आता वाट असते कुठे?" ती हसली. स्वयंपाकघराशेजारच्या पेटीत शिरून दार लावलं, की पापणी लवायच्या आत ती तिकडच्या घरी उतरणार होती.

अप्पांनी पुरचुंडी ओट्यावर ठेवली. जन्मभर त्यांनी माणसांना एसटीत बसवून दिलं होतं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली होती, गाडी वळेपर्यंत हात हलवला होता. हल्ली "पोचलीस की कळव" हे वाक्य पुरं व्हायच्या आत माणूस पोचलेलं असे.

"आमची निरोप द्यायची रीत जुनी झाली गं," ते म्हणाले. "आम्हीही झालो."

सुलभाने पेटीचं उघडलेलं दार बाहेरूनच लावलं आणि पुरचुंडी उचलली. "जुन्या स्टँडवर एक पेटी आहे ना? मला तिथवर सोडायला चला."

दोघं रमतगमत निघाली. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसून त्यांनी दशम्या खाल्ल्या. डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलंय, हे अप्पांनी तिथे पहिल्यांदा सांगितलं. घरी ते त्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं.

स्टँडवरच्या पेटीत ती शिरली. अप्पा नेहमीचं वाक्य बोलणार, तोच तिने त्यांचा हात धरला.

"मी आत्ता पोचेन. चालत जायचंय ते तुम्हाला. घरी पोचलात की कळवा, अप्पा. मी वाट बघते."