दोन सह्या

वसुंधरा तांडेलांच्या पत्राला एकनाथरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र गणपतीच्या आधी आलेलं, आता ईदही होऊन गेली. ‘आजोबांचं चरित्र मायेने लिहिलंत. छपाईचा खर्च आम्ही करू. फक्त ते अर्थमंत्री झाल्यावरचं प्रकरण गाळा. लोक त्यांना फितूर म्हणतील.’

उभ्या आयुष्यातलं एकच पुस्तक. हो म्हणवेना, आणि नाही म्हणण्याइतका स्वतःवर भरवसा नव्हता.

एक मे जवळ आला होता. ओमानमध्ये, रुवीतल्या कौशिकच्या ऑफिसात मराठी मंडळाची बैठक भरली. कौशिक मंडळाचा अध्यक्ष, धंदा कंपन्यांना मजूर पुरवण्याचा. त्याने एकनाथरावांच्या तांडेलांवरच्या भाषणाचे कागद पुढे सरकवले.

“काका, झकास लिहिलंय. पण हा संप कशाला?”

“तांडेल गोदी कामगार होते. संपातूनच तर पुढे आले.”

“अहो, पहिल्या रांगेत सगळे कॉन्ट्रॅक्टर. जेवण त्यांच्याकडून! त्यापेक्षा, मंत्री झाल्यावर त्यांनी गोदीवाल्यांची पगारवाढ नामंजूर केली, तेवढंच सांगा. तिजोरी सांभाळणारा माणूस. टाळ्या घेईल.”

“त्या पगारवाढीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती,” एकनाथराव हळूच म्हणाले. “मंत्री झाले तरी युनियनचे सभासद राहिले. सभासद म्हणून वर सही केली. मग मंत्री म्हणून त्याच कागदावर खाली लिहिलं, तिजोरीत पैसे नाहीत. आणि पुन्हा सही.”

“म्हणजे स्वतःच मागायचं आणि स्वतःच नाही म्हणायचं?” कौशिक हसत सुटला.

“मला आवडलं हे,” चिटणीस यशश्री म्हणाली.

“तू आधी हॉलचं बुकिंग बघ. काका, दोन्हीपैकी एक तांडेल ठेवा. खलास.”

माणूस एकच होता, असं एकनाथरावांना ओरडून सांगायचं होतं. पण कागद गोळा करून ते जिना उतरले. राग कौशिकचा आला होता, पण तो टिकेना. कौशिकने निदान तोंडावर सांगितलं. आपण मात्र इतके महिने गप्प बसून तांडेलांना अर्धं कापू देत होतो.

तिथून ते थेट पोस्टात गेले आणि उभ्यानेच त्यांनी लिहिलं :

‘वसुंधराताई, ते प्रकरण राहू द्या. दोन्ही सह्या राहू द्या. काही गाळायचंच असेल, तर लेखकाचं नाव गाळा.’

काउंटरवरच्या ओमानी मुलीने पाकीट उलटंसुलटं केलं.

“बाबा, भेजनेवाले का नाम?”

त्यांनी पाकीट परत घेतलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने शिक्का मारला.