राखीव खेळाडू

मध्यंतर संपलं, मुली पुन्हा मैदानात धावल्या आणि ईशानी आजही बाकावरच राहिली.

कठड्याला रेलून उभ्या असलेल्या सुमेधाचं डोकं तापलं. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या या छोट्या फुटबॉल क्लबात दहा वर्षांच्या मुलींना सारखंच खेळवतात, असं नाव घालताना गोड हसून सांगितलं होतं. मग हिच्याच वाट्याला बाक का?

"कोचला कळतं गं त्याचं काम," तिचा नवरा श्रीहर्ष म्हणाला. "स्कॉटलंडमध्ये मोठ्या क्लबातून खेळलाय माणूस."

"खेळला असेल. मग एजंट झालाच ना? पोरांचे सौदे करणारा. आपली मुलगी त्याला खपणारा माल वाटत नसेल."

फर्गसची सगळी कारकीर्द तिने इंटरनेटवर वाचून काढली होती. सतराव्या वर्षी पहिल्या संघात, ऐन उमेदीत गुडघा गेला, मग एजंट, आणि आता डच बायकोच्या गावी मुलींचा कोच. गुडघ्याचं वाचलं आणि तिने त्याच रात्री ईशानीसाठी गुडघ्याचे जाड पट्टे मागवले. पुढच्याच सामन्यात ईशानी पडली, तशी सुमेधा कठड्याखालून वाकून थेट मैदानात धावली. सामना थांबला. पोरीला नुसतं खरचटलं होतं. पण बाक सुरू झाला तो तेव्हापासून. म्हणजे आईवरचा राग लेकीवर. सरळ होतं.

आजचा सामना संपल्यावर तिने फर्गसला गाठलंच. तो लंगडत लंगडत चेंडू जाळीत भरत होता.

"मैदानात मी धावले होते," ती इंग्रजीत म्हणाली. ऑफिसात कधी चढत नाही इतका आवाज चढला होता. "शिक्षा तिला कशाला?"

"शिक्षा?" फर्गसने जाळी खाली ठेवली. "बुधवारी सरावाला येऊन बघा. तिला अडवायला दोन-दोन मुली लावतो मी. एजंट असताना असा वेग दिसला असता, तर तुमच्या दारात ठाण मांडून बसलो असतो."

"मग शनिवारी का बसवता?"

फर्गस वैतागून मान हलवत बाकाकडे बघत राहिला. तिथे ईशानी मैत्रिणीच्या बुटाची गाठ सोडवत डचमध्ये काहीतरी बडबडत होती. अगदी मजेत.

"मी नाही बसवत. मी दर वेळी तिला खेळ म्हणतो, आणि ती दर वेळी नाही म्हणते. तुम्हाला सांगायचं नाही, असंही बजावलंय मला. आईबापांसाठी ऊर फुटेस्तोवर धावणारी पोरं मी ढिगानं पाहिली. ही पहिलीच..."

त्याने जाळी पुन्हा उचलली.

"म्हणते, मी खेळले की आई डोळे मिटून घेते. आज आईला मॅच बघू दे."