कारण न देण्याचा नियम

"कमिटीने नाही म्हटलं," कोरीन फोनवर म्हणाली. कोरीन म्हणजे रोझलिनचं घर विकून देणारी दलाल. एरवी तिची जीभ टाळ्याला लागत नसे, आज दोन वाक्यांत आटपलं.

"ह्यांनाही?"

"ह्यांनाही. तिसरं गिऱ्हाईक गेलं. कारण काही दिलं नाही."

"कधी देतात का?" रोझलिन म्हणाली आणि तिने फोन ठेवला. इथे घर घेणाऱ्याची सोसायटीची कमिटी मुलाखत घ्यायची, आणि तिने नाही म्हटलं की सौदा मोडायचा.

ती भाड्याने आणलेल्या सोफ्याच्या कडेवर टेकली. घराला उठाव यावा म्हणून कोरीनने सगळं नवं करून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इमारतीतली उंच छतं आणि ओकच्या लाकडाची जमीन तेवढी ठेवली, बाकी सगळं पांढरंशुभ्र. तेव्हापासून ऐंशी वर्षांची रोझलिन स्वतःच्याच घरात पाहुणी होती. मासे तळायचे नाहीत, चांगल्या टॉवेलांना हात लावायचा नाही, टोस्टर रोज सकाळी कपाटात लपवायचा. सात महिने हेच चाललं होतं. जीव मेटाकुटीला आला होता. रिव्हरडेलच्या वृद्धाश्रमात धाकट्या बहिणीच्या, गिल्डाच्या, शेजारची खोली तिच्यासाठी अडवून ठेवली होती, पण शुक्रवारपर्यंतच, आणि घराचा सौदा ठरल्याशिवाय तिला ती घेता येणार नव्हती. आज बुधवार.

ती लिफ्टने दोन मजले वर गेली. कमिटीचा अध्यक्ष मॉर्टन तिथे राहायचा. तिने बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं.

"त्या पोरीत काय खोट होती, मॉर्टन? सेलो वाजवते म्हणून? की नवरा शाळामास्तर आहे म्हणून?"

मॉर्टनने पॅसेजमध्ये इकडेतिकडे पाहिलं. "असं विचारायचं नसतं, रोझलिन. नियम आहे."

"नियम मला नको शिकवूस."

"मी कुठे शिकवतोय? लिहिला कोणी तो?"

तिनेच लिहिला होता. एकोणीस वर्षं ती ह्याच कमिटीची अध्यक्ष होती. कारण सांगितलं की माणूस वाद घालतो, कोर्टाची पायरी चढतो, म्हणून कारण द्यायचंच नाही. एकाचे बूट चिखलाचे होते. एकीचं हसणं फार मोठं होतं. एका जोडप्याने इमारतीच्या रीतीप्रमाणे आपल्या कुत्र्यालाही मुलाखतीला आणलं, तर तो नेमका रोझलिनकडे बघून गुरगुरला. सगळ्यांना नकाराचं एकाच ओळीचं पत्र गेलं. कोणी नंतर गाठून विचारलंच, तर ती पर्समध्ये किल्ल्या शोधत म्हणायची, "मला खरंच काही माहीत नाही हो."

"माझ्यापुरतं सांग," ती म्हणाली. आपला आवाज इतका रडवेला झालेला ऐकून तिची तिलाच लाज वाटली. "कोणाला बोलणार नाही. गिल्डाशेजारची खोली जाईल रे."

मॉर्टन कानकोंडा झाला. तो काही वाईट माणूस नव्हता. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात दोन महिने रोज सूप आणून द्यायचा.

"तू उभी राहून दमली असशील," तो म्हणाला. आत जाऊन त्याने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली, उंबऱ्याबाहेर ठेवली, हात धरून तिला बसवलं. मग, "माफ कर हं," म्हणत दार आवाज न करता लावून घेतलं.

रोझलिन पॅसेजमध्ये बसून राहिली. परत खाली जाऊन त्या पांढऱ्या घरात टोस्टर लपवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

स्वेटरच्या खिशात फोन वाजला. सेलोवाली लुसियाच होती. घर बघायला आली तेव्हा रोझलिनने तिला स्वतःचा नंबर दिला होता.

"मिसेस गिटलमन, तुम्हाला त्रास देतेय. आमचं काय चुकलं हो? मुलाखतीला मी लाल कोट घालून गेले होते, तो नको होता का? ओवेन म्हणतो, तो फार बोलला. तुम्ही तर त्या सगळ्यांना ओळखता. एवढं फक्त सांगा, म्हणजे पुढच्या वेळी..."

रोझलिनचा हात सवयीने किल्ल्यांकडे गेला. पर्स खालीच राहिली होती.

"मला खरंच काही माहीत नाही गं," ती म्हणाली.

लुसियाने अगदी अदबीने आभार मानले आणि फोन ठेवला. तिचा विश्वास बसला नव्हता.