खारट्याचा हेल

"काका, खारट्याचा एखादा होऊन जाऊ दे," खुर्चीतला ड्रायव्हर गालावर फेस असतानाच म्हणाला. न्हाव्याने वस्तरा बाजूला घेतला. विनोद सांगताना तो धार चालवत नसे, एवढी शिस्त त्याला होती.

लोकांना नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. डोंगरातून आलेले ते धुकट्ये, नदीपलीकडचे चिखल्ये आणि समुद्राकडून आलेले खारट्ये. खारट्यांवर तर त्याचा विशेष जीव. शब्दाचं शेपूट ओढत नेणारा त्यांचा हेल त्याला हुबेहूब जमतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. फक्त जावई दुकानात असला की तो तोंड आवरायचा, कारण जावई समुद्राकडचाच. आपल्या जिभेपायी लेकीच्या संसारात मिठाचा खडा नको.

आज जावई नव्हता. आठ वर्षांची नात तेवढी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कंगवे पुसत होती. ती काय, घरचीच.

"एक खारट्या डॉक्टरकडे गेला," त्याने गळा साफ केला. "डॉक्टर म्हणाले, काय होतंय? हा म्हणतो, डाऽऽक्टर, माझ्याऽऽ पोटाऽऽत..."

बाकावर थांबलेले दोघे आधीच खिदळायला लागले.

"आणि वाक्य पुरं होईस्तोवर दुखणं बरं झालं!" नातीने मध्येच तोंड घातलं. "मग खारट्या म्हणतो, आता पैशे कसले होऽ, बरं तर मीच केलं नाऽ?"

दुकान हसून हसून लोटपोट झालं. ड्रायव्हरच्या नाकात फेस गेला. न्हावीही हसला, पण अर्ध्यावरच थांबला. पोरीने काढलेला हेल त्याचा नव्हता. तो ओढूनताणून शेपूट लांबवायचा. तिचा शब्द मऊ सुटायचा आणि शेवटी हलकेच वर जायचा. अगदी जावई बोलतो तसा. रोज रात्री थोपटताना तिच्या कानाशी कोण बोलतं, हे त्याला आज उमगलं.

"पोरगी तयार आहे हो!" बाकावरचा टोपीवाला म्हणाला. "बाबा कुठले गं तुझे?"

"इथलेच," नात म्हणाली. कंगवा पुसता पुसता म्हणाली, मानसुद्धा वर केली नाही.

न्हाव्याने कशीबशी ड्रायव्हरची दाढी उरकली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला. ड्रायव्हर आरशात गाल तपासत होता तेवढ्यात नात जवळ आली आणि तिने त्याचा सदरा ओढला.

"आजोबा, सोमवारपासून मला शाळेतून न्यायला तुम्ही याल?" ती अगदी हळू म्हणाली. "बाबांना नका पाठवू."

"का गं? रागावतात?"

"नाही हो. ते फाटकाशी मला हाक मारतात ना. मग सगळ्यांना कळतं."

तो खाली वाकला. तिला सांगावं, बाळा, हे सगळं चेष्टेचं असतं. पण ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

"अगं, तुझे बाबा..." त्याने सुरुवात केली, आणि दाराशी सावली पडली.

जावई आला होता. घामाने भिजलेला, हातात लेकीसाठी घेतलेली नवी पाटी. बाकावरचे दोघे सहज वळून बघायला लागले. लेक दिसताच त्याचा चेहरा खुलला आणि तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

पोरगी धावत सुटली. स्टूल कलंडलं, कंगवे फरशीवर पांगले. तिने बापाच्या अंगावर उडी घेतली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड घट्ट दाबून धरलं.

बापाला वाटलं, खेळ आहे. त्या इवल्या तळव्यांमागे तो मनापासून हसत होता.