बुवांची नाडी

पूर्वरंग संपला. देवस्थानचा नियम होता: बुक्का लावून हार घालेपर्यंतच्या एका मिनिटात कीर्तनकाराची नाडी शंभराखाली उतरली, तरच उत्तररंगाला परवानगी मिळे. मनगटावरच्या पट्टीवरून येणारा त्र्यंबकबुवांचा आकडा पडद्यावर दीडशेवरून झरझर नव्वदवर आला.

कुमुदताईंना शंका आली. दोन जिने चढून दहा मिनिटं धापा टाकणारा आपला नवरा तासभर नाचून-गाऊन इतक्यात शांत कसा? त्यांनी तबलजींकडे रोखून पाहिलं.

"दिगंबरराव, बाही वर करा."

"वहिनी, बुवांनीच बांधली हो!"

ताईंनी पट्टी सोडवून बुवांच्या मनगटावर बांधली. आकडा एकशे साठवर गेला आणि खाली येईना.

"अगं, आख्यान अर्धंच राहील!" बुवा कळवळले.

"राहत नाही. तुमच्या चुकांसकट पाठ आहे मला. बसा खाली."