टाकीची टकटक

इमारतीच्या गरम पाण्याच्या नळांमधला दाब सारखा कमी होत होता. तळघरातल्या दाबाच्या टाकीवर बापाने नेहमीसारखी पान्याची मूठ वरून खालपर्यंत टकटकवली आणि लेकीच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. "काय वाटतं?"

काम शिकायला लागल्यापासून रोज हीच परीक्षा, आणि पास की नापास हे बाबा कधी सांगायचेच नाहीत. पण आज आवाज अगदी स्पष्ट होता.

"टाकीत खाली पाणी आणि वर हवा असते, म्हणजे वर पोकळ वाजायला हवं. इथे तर सगळीकडे बद्द वाजतंय. बाबा, आतला रबरी पडदा फाटलाय! हवेच्या जागी पाणी शिरलंय."

"नक्की?"

"चुकले तर पुन्हा पान्याला हात लावणार नाही."

"मग वरच्या हवा भरायच्या तोंडातली पिन तूच दाब."

तिने श्वास रोखून दाबली. हवेऐवजी कोमट पाण्याची चिळकांडी उडाली, ती थेट बापाच्या मिशांवर! लेक टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

"आता तरी सांगा. पास ना मी?"

"पास कसली, वेडाबाई?" मिशा पुसत बाप तिच्याहून मोठ्यांदा हसला. "मी कधी परीक्षा घेतली? मला बऱ्याच दिवसांपासून ऐकू येत नाही. तुझं बोलणं ओठांवरून कळतं गं, पण टाकीला कुठे ओठ असतात?"